चूक त्याच दिवशी सांगा

महिला वैमानिकाचा सत्कार ठरला की भाषणही जवळजवळ ठरलेलंच असतं. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये साडी नेसून जिप्सी मॉथ उडवलं, तिथून सुरुवात होते. मग १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फक्त महिला कर्मचाऱ्यांसह फोकर फ्रेंडशिप विमान नेलं, ते येतं. शेवटी आकडा: जगात महिला वैमानिक पाच टक्क्यांच्या आसपास, भारतात मात्र पंधरा टक्के. टाळ्या, शाल, श्रीफळ. यातलं काहीही खोटं नाही. मीही हे भाषण अनेकदा केलंय आणि दर वेळी त्यात माझ्या चुका गाळल्यात. त्या इथे लिहिते आहे, कारण विमान चालवायला मी जे शिकले त्यातलं बरंचसं त्या चुकांतूनच शिकले.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, नीरेच्या काठचं. आमचा ऊस भवानीनगरच्या कारखान्याला जायचा. बारामतीच्या एमआयडीसीलगतच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानं लहानपणापासून आमच्या रानावरून जायची. पुढे त्याच धावपट्टीवर मी शिकायला गेले, तेव्हा आबांनी जमीन तारण ठेवून कर्ज काढलं होतं. कमर्शियल पायलटच्या लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि प्रत्येक तासाला पैसे पडतात. एखादं उड्डाण नीट झालं नाही म्हणून सरांसोबत पुन्हा करायचं, तर त्या तासाचं बिल आबांच्या नावावर. माझ्या लपवाछपवीचं एक कारण हे होतं.

दुसरं कारण म्हणजे आम्ही मुली थोड्या होतो. दिल्ली, केरळ, गुजरात कुठून कुठून आलेल्या, बारामतीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. आमचा एक गट होता. त्याला नाव नव्हतं, पण मनात मोठ्या संस्थांचा आदर्श होता. २ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या कर्टिस फील्डवर काही वैमानिक बायका जमल्या. पुढे ९९ जणी संस्थापक सदस्य झाल्या म्हणून संस्थेचं नाव ‘नाइन्टी-नाइन्स’ पडलं आणि अमेलिया इअरहार्ट तिची पहिली अध्यक्ष झाली. आपल्याकडे साठच्या दशकात चंदा सावंत-बुधभट्टी यांनी भारतीय महिला वैमानिकांची संघटना उभी केली. शिष्यवृत्त्या देणं, शाळाशाळांत जाऊन मुलींना या क्षेत्राची माहिती देणं हे त्या संघटनेचं काम. आम्हीही शनिवारी संध्याकाळी जमायचो. कुणाची पहिली सोलो झाली की पेढे, हवामानशास्त्राचा पेपर निघाला की पेढे. चुकलेलं मात्र कुणी सांगायचं नाही. एखाद्या मुलाचं लँडिंग आपटलं तर ते त्याचं एकट्याचं असे. मुलीचं आपटलं की ते साऱ्या मुलींच्या नावावर लागे. म्हणून आम्ही एकमेकींपासूनही झाकून ठेवायचो.

पहिली चूक पाण्याची. पावसाळ्याचे दिवस, विमान रात्रभर उघड्यावर उभं होतं. सेस्ना १५२ च्या पंखाखाली एक छोटी झडप असते. तिथे प्लास्टिकचा कप दाबला की टाकीच्या तळाचं थोडं इंधन कपात उतरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे खाली बसतं आणि दोघांमधली रेघ स्पष्ट दिसते. मी कप उजेडाकडे धरला. रेघ नव्हती. ‘क्लिअर आहे,’ म्हणाले आणि ओतून टाकणार, एवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या मेकॅनिकनी हात पुढे केला. कप माझ्याकडून घेऊन त्यांनी विमानाच्या पांढऱ्या अंगासमोर धरला.

‘ताई, निळं कुठाय?’

या विमानांचं पेट्रोल, १०० एलएल, फिकट निळं रंगवलेलं असतं ते यासाठीच. माझ्या कपात रेघ नव्हती, कारण अख्खा कप पाण्याचा होता. निळं येईपर्यंत त्यांनी पुन्हा पुन्हा काढायला लावलं. ते पाणी इंजिनापर्यंत पोचलं असतं तर टेकऑफनंतर, वळायलाही उंची नसताना, इंजिन गप्प झालं असतं. पुस्तकातलं वाक्य मला तोंडपाठ होतं: रंग, पाणी, कचरा तपासा. मी पाणी आणि कचरा शोधला, रंगाकडे बघितलंच नाही. मेकॅनिक कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी माझी लाज राखली म्हणून मला हायसं वाटलं. मीही शनिवारी काही बोलले नाही. पावसाळा अजून सरला नव्हता आणि बाकीच्या मुलीही त्याच झडपांना कप लावत होत्या, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

रेडिओवर न कळता ‘रॉजर’ म्हणण्याची चूक तर आम्ही सगळ्यांनीच केलीय. माझ्या वेळी बारामतीला मोठ्या विमानतळासारखा नियंत्रण कक्ष नव्हता. फ्लाइंग स्कूलचेच लोक वाऱ्याची आणि इतर विमानांची माहिती देत. अशा ठिकाणी ‘पुन्हा सांगा’ म्हणायला लाज वाटणं म्हणजे दुसऱ्याच्या विमानावर जाऊन आदळायची तयारीच.

आता ती मोठी चूक. बारामतीहून इंदापूरच्या दिशेने मला एकटीने क्रॉस-कंट्री करायची होती. हवाई अंतर पन्नास किलोमीटरच्या आत, मार्ग साधारण १०५ अंशांचा. हिवाळ्याची सकाळ, वारा ईशान्येचा, म्हणजे माझ्या डावीकडून. असा वारा विमानाला उजवीकडे ढकलतो, म्हणून नाक थोडं डावीकडे, वाऱ्याच्या अंगाला ठेवायचं. अंश वजा करायचे. मी माझ्या वहीत कधीतरी सोपा नियम लिहून ठेवला होता: ‘डावा वारा, अंश वाढवा.’ साफ उलटा. त्या हिशेबाने ९९ ऐवजी १११ अंश धरून मी निघाले. चुकीच्या दिशेचं नाक आणि त्यात वाऱ्याचा रेटा, दोन्ही मला दक्षिणेला नेत होते.

हवेत दिशा ओळखायचा एक जुना क्रम आहे: आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. इतकी मिनिटं झाली म्हणजे मी नकाशावर इथे असायला हवी, तर खाली अमुक दिसलं पाहिजे, असं बघत जायचं. मी बरोबर उलटं केलं. माझाच तालुका, नकाशा कशाला, ही घमेंड. खाली एक मोठं गाव दिसलं, ते मी इंदापूर ठरवून टाकलं. इंदापूर पुणे-सोलापूर हायवेवर आहे आणि या गावाला हायवे नव्हता. मी म्हटलं, धुक्यात झाकला असेल. भीमा डावीकडे दिसायला हवी होती, नदी दिसत होती उजवीकडे. मी म्हटलं, म्हणजे मी फार उत्तरेला सरकलेय, नदी ओलांडलीय. आणि चूक दुरुस्त करायची म्हणून आणखी उजवीकडे, आणखी दक्षिणेला वळले. दिसेल ते मी माझ्या समजुतीत बसवत होते. घड्याळाकडे मात्र बघत नव्हते.

मग समोर दोन नद्या एकमेकींना मिळताना दिसल्या आणि पोटात गोळा आला. आमच्या तालुक्यात असा संगम एकच: नीरा नरसिंहपूर. तिथे नीरा भीमेला मिळते. लहानपणापासून आम्ही तिथल्या लक्ष्मी-नरसिंहाला जातोय. म्हणजे इतका वेळ मी जिला भीमा समजत होते ती माझ्या घरामागची नीरा होती. उत्तरेला वळले, उजनीचं पाणी दिसलं, हायवे दिसला आणि तो धरून परत आले. पेट्रोल पुरेसं होतं.

उतरल्यावर सरांनी विचारलं, एवढा वेळ का लागला? मी म्हणाले, ‘हवा धूसर होती, सर.’

त्या रात्री वही काढून बघितली तेव्हा उलटा नियम सापडला. मी तो खोडून नीट लिहिला. एवढंच केलं. पण माझी ती वही त्याआधी एका ज्युनिअर मुलीने उतरवून घेतली होती. ते मला आठवलं. तिला सांगायचं म्हणजे मी कुठे भरकटले तेही सांगावं लागणार, ते सरांपर्यंत जाणार, पुन्हा एक उड्डाण, पुन्हा एक बिल. आज सांगते, उद्या सांगते असं करत राहिले.

तोवर ती मुलगी तो नियम धरून उड्डाणाला गेली आणि माझ्यासारखीच भरकटली. पण तिने रेडिओवर सरळ सांगितलं की मी नेमकी कुठे आहे हे मला कळत नाहीये. दुसऱ्या विमानातल्या एका इन्स्ट्रक्टरनी तिच्याकडून खालच्या खुणा विचारून घेतल्या आणि तिला मार्गाला लावलं. खाली उतरल्यावर तिने सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, ‘मुलींना डावं-उजवं कळतच नाही.’ हशा पिकला. मी तिथेच बसले होते. कपातल्या चहावर साय धरली होती, ती चमच्याने बाजूला करत राहिले.

शनिवारी मी गटात बोलले. नियम माझा होता, चूक माझी होती, मला माहीत होती आणि मी सांगितली नाही. नंतर सरांनाही सांगितलं. सर ओरडले नाहीत. त्यांनी मला पुन्हा सोबत नेलं आणि तो तास आबांच्या कर्जात गेला. ती मुलगी मात्र माझ्याशी कितीतरी दिवस नीट बोलली नाही आणि तिचं बरोबर होतं. त्यानंतर आमच्या शनिवारची रीत बदलली. पेढे असतील तर असोत, पण आधी आठवड्याची चूक. बाहेर नाव घेऊन सांगायचं नाही, ऐकताना सल्ले द्यायचे नाहीत. पाण्याच्या कपाची गोष्ट मी तेव्हा सांगितली, तर आणखी एकीनेही तसाच कप ‘क्लिअर’ म्हणून ओतला होता, असं निघालं. तिच्या वेळी तर शेजारी मेकॅनिकही नव्हते.

आम्ही काही नवं शोधलं नव्हतं. सगळी विमानवाहतूक याच रीतीवर उभी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या नियमांत अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं एवढाच सांगितलाय, दोषी ठरवणं हा नाही. अमेरिकेत १९७६ पासून ‘नासा’ वैमानिकांनी आपणहून कळवलेल्या चुका नाव काढून टाकून जमा करते. आपल्या विमानवाहतूक नियामक ‘डीजीसीए’कडेही स्वेच्छेने कळवायची सोय आहे. कागदावर हे सगळं आहे. पण शिकाऊ मुलगी तो कागद भरते तेव्हा तिच्या डोक्यात कर्ज असतं आणि कॅन्टीनमधला हशा असतो.

२५ जुलै २०२२ ला बारामतीहून निघालेलं एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीजवळ शेतात कोसळलं. चिंकारा आणि लांडग्यांच्या माळरानासाठी ओळखलं जाणारं हे गाव. विमानात एकटी एक तरुण मुलगी होती. ती किरकोळ जखमांवर वाचली. बातमी आली तेव्हा माझ्या गावच्या लोकांचे मला फोन आले. अनेकांचा पहिला प्रश्न ‘पायलट मुलगी होती ना?’ हाच होता. इंजिनाचं, उंचीचं, वाऱ्याचं कुणी विचारलं नाही. हा प्रश्न जोवर पहिला येतो, तोवर मुली चुका झाकणार.

एक चूक लायसन्स मिळाल्यानंतरची. तालुक्यातल्या एका शाळेत बोलायला गेले. ‘जिद्द असेल तर आकाश ठेंगणं’ वगैरे जोरात झालं. नंतर एक मुलगी जवळ आली. अकरावीला तिने आर्ट्‌स घेतलं होतं. तिने विचारलं, ‘मॅडम, मला होता येईल का?’ गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, हे मी तासभराच्या भाषणात एकदाही म्हटलं नव्हतं. पन्नास लाखांच्या घरात खर्च जातो, हेही नाही. ते दोन विषय नंतर मुक्त विद्यालयातून देता येतात, एवढं तिला सांगितलं. पण ते तिला आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं आणि त्यासाठीच तर मला बोलावलं होतं.

म्हणून बारामती-इंदापूरच्या मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना आता सरळच सांगते. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र ठेवा. फी भरण्याआधी, जमीन तारण ठेवण्याआधी, मेडिकल करून घ्या, कारण डोळ्यांत किंवा कानात अडचण निघाली तर भरलेले पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात. फ्लाइंग स्कूल निवडताना विमानं किती आहेत हे विचाराच, पण तिथे शिकणाऱ्या मुलींना एकटं गाठून हेही विचारा की चुकल्यावर इथे काय होतं. आणि शिकायला लागलात की ज्या दिवशी चुकाल त्याच दिवशी सांगा. तुमची वही दुसऱ्या कुणीतरी उतरवून घेतलेली असते.