परतीचीही नियत हवी

आमचे घर डहाणूच्या किनाऱ्याजवळ, अगदी समुद्रसपाटीला. आणि बेत आखला तो नेपाळमधील एव्हरेस्ट बेस कॅम्पचा, म्हणजे ५,३६४ मीटर उंचीचा! आम्ही तिघा भावंडांनी घरात ही गोष्ट काढली तेव्हा अम्मीने एवढेच विचारले, "तिथं काय ठेवलंय तुमचं?"

याचे नेमके उत्तर आमच्याकडे नव्हते. २०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांतील पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. तलासरीच्या रस्त्यावर आश्रमशाळेची मुले नेहमी पाहणाऱ्या आम्हाला ती बातमी घरची वाटली होती. ओढ तेव्हापासूनची.

कागदपत्रांची अडचण नव्हती. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. जेवणाची काळजीही मिटली. त्या भागात वर जनावर कापत नाहीत, मांस खालून वाहून आणतात. तेव्हा हलालचा प्रश्न डाळ-भातानेच सोडवायचा. सफरमध्ये चार रकातींची फर्ज नमाज दोन होते. गार पाण्याने अपाय होण्याची भीती असेल आणि पाणी तापवायची सोय नसेल, तर तयम्मुमची मुभा आहे. अल्लाहने सफर सोपा करून ठेवला आहे, हे नव्याने कळले.

सरावासाठी आम्ही डहाणू तालुक्यातल्याच गंभीरगडावर गेलो. पाड्यावरचे एक वारली काका वाट दाखवायला सोबत होते. ते एका लयीत, सावकाश चढत होते. आम्ही मात्र घाईघाईने पुढे धावून धापा टाकत बसायचो. माथ्याजवळ धाकट्याचे डोके दुखू लागले, चक्कर आली. पण तो बोलला नाही. रात्री घरी त्याने कबूल केले, "तुम्ही हसाल म्हणून गप्प बसलो."

अम्मीचा चेहरा उतरला. आमचाही. गंभीरगडावर त्याला फार तर उन्हाचा आणि उपाशी पोटाचा त्रास झाला असेल. पण बेस कॅम्पला हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा मिळतो. तिथे डोकेदुखी, उलटी लपवून वर चढत राहणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी खरा इलाज एकच, खाली उतरणे. तरणाताठा, कसलेला माणूसही यातून सुटत नाही.

त्या रात्री सगळा बेत पुन्हा मांडला. नामचे (३,४४० मीटर) आणि डिंगबोचे (४,४१० मीटर) येथे दोन-दोन रात्री मुक्काम. त्याशिवाय दोन दिवस हाताशी राखीव. एवढ्या उंचीवरून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च देणारा विमा. आणि अम्मीची अट: ज्याला त्रास होईल त्याने लगेच सांगायचे, आणि एक उतरला तर तिघांनी उतरायचे.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. आपल्या हट्टापायी ती धोक्यात घालणे याला तवक्कुल म्हणत नाहीत. बेस कॅम्प गाठला तर अलहमदुलिल्लाह, अर्ध्यातून परतलो तरी अलहमदुलिल्लाह. अम्मी आता म्हणते, "जा, पण परत यायची नियत करून जा."

आम्ही ती केली आहे. वाचकांनी दुआ करावी.