चारशे बाराचा शॉट

माझ्या फॅमिली ग्रुपवर अजूनही तो फोटो आहे. काळ्या पडद्यावर हिरवट उजेडाची एक बारीक, आखीव रेघ, आणि खाली मी टाइप केलेलं: '४१२!!!' त्यावर मामाचा नमस्काराचा स्टिकर, मावशीचे फुगे, आतेभावाचा 'म्हणजे किती टक्के?' हा प्रश्न. आईने फक्त लिहिलं होतं, 'छान. जेवलीस का?'

ते ४१२ चुकीचं होतं. हे मला कळलं तेव्हा फुगे देऊन झाले होते, पोस्टर छापून झालं होतं आणि कॉन्फरन्सला गोषवाराही गेला होता.

मी जर्मनीत एका लॅबमध्ये पीएच.डी. करते. लेझरने इलेक्ट्रॉन पळवायचे आणि त्या पळणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून उजेड काढायचा, हे आमचं काम. आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एक्स-रे तर आपल्या कोपऱ्यावरसुद्धा काढतात." आई मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रोज रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवते. तिला यंत्रांचं कौतुक नाही, यंत्रांची सवय आहे.

कोपऱ्यावरच्या एक्स-रेत हाडाची सावली दिसते. पण एखादा रेणू तुटताना बघायचा असेल, तर क्ष-किरणांचा लखलखाट इतका छोटा लागतो की तेवढ्या वेळात अणूंना हलायलाही फुरसत मिळू नये. असे लखलखाट करणारी यंत्रं जगात मोजकी आहेत. हॅम्बुर्गचं युरोपियन एक्सएफईएल ३.४ किलोमीटर लांब आहे. एवढी लांबी लागते, कारण इलेक्ट्रॉनांना धातूच्या पोकळ्यांमधून विजेचे धक्के देत देत पुढे न्यावं लागतं, आणि धक्का फार जोरात दिला तर पोकळीतच ठिणगी पडते. मग छोटे छोटे धक्के, आणि लांबच लांब बोगदा.

१९७९ साली तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी सुचवलं की ठिणगीची भीती वाटत असेल तर आधीच 'तुटलेल्या' पदार्थात धक्के द्या. म्हणजे प्लाझ्मात. तिथे अणूंपासून इलेक्ट्रॉन आधीच सुटे झालेले असतात, आणखी तुटायचं काय राहिलं? सांगलीला कृष्णेत यांत्रिक होडी गेली की मागे लाट उठते आणि पाण्यावर तरंगणारा लाकडाचा तुकडा त्या लाटेवर चढून थोडा वेळ पुढे जातो, तसं हे. होडीच्या जागी लेझरचा स्पंद, पाण्याच्या जागी प्लाझ्मा, लाकडाच्या जागी इलेक्ट्रॉन. फरक एवढाच, की ही लाट केसाच्या जाडीपेक्षा लहान असते आणि तिचा जोर नेहमीच्या यंत्राच्या हजारपटीत जातो. बोगद्यात जे काम कित्येक मीटरमध्ये होतं, ते इथे काही मिलिमीटरमध्ये होतं. २००४ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी अशा लाटेवरून साधारण एकाच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा झोत काढून दाखवला. २०१९ मध्ये बर्कलीच्या गटाने २० सेंटिमीटरमध्ये ७.८ जीईव्ही गाठले.

वाचायला हे फारच सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं, म्हणून तर इथे आले.

अडचण अशी की ती लाट दर वेळी नव्याने उठते. लेझरची ऊर्जा अर्धा टक्का इकडेतिकडे झाली, नोझलमधून येणारा हेलियम वायू जरा दाट झाला, व्हॅक्यूम पंपाच्या थरथरीने एखादा आरसा किंचित हलला, की वेगळी लाट, वेगळा झोत. आणि उजेडाला हे चालत नाही. उजेड काढण्यासाठी झोत अनड्युलेटरमधून न्यायचा असतो. उलटसुलट मांडलेल्या चुंबकांची ही एक रांग असते. तिच्यातून जाताना इलेक्ट्रॉन नागमोडी डुलतात आणि डुलताना उजेड टाकतात. त्या उजेडाची तरंगलांबी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे ऊर्जा १ टक्क्याने हलली तर तरंगलांबी २ टक्क्यांनी हलते. इलेक्ट्रॉनांनी एकमेकांशी ताळमेळ धरून लेझरसारखा उजेड द्यावा असं वाटत असेल, तर अटी याहून कितीतरी कडक होतात. तेव्हा एकदा कधीतरी भारी झोत निघून भागत नाही. परत परत तोच निघावा लागतो. आणि तो तोच आहे हे ओळखण्यासाठी आधी मोजता यावं लागतं.

ऊर्जा मोजायची रीत मला मामाच्या शेतावरच्या उफणणीसारखी वाटते. वाऱ्यात धान्य सोडलं की जड दाणा पायाशी पडतो आणि हलकं भूस लांब जातं. कुठे पडलं यावरून काय आहे ते कळतं. आमच्याकडे वाऱ्याच्या जागी चुंबक असतो. कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन जास्त वळतात, जास्त ऊर्जेचे कमी. पलीकडे एक पडदा असतो. त्यावर इलेक्ट्रॉन आपटले की तो चमकतो, कॅमेरा फोटो काढतो. चमक जिथे, त्या जागेवरून ऊर्जा.

मार्चमधल्या एका संध्याकाळी, त्या दिवशीच्या २१४व्या शॉटला, चमक ४१२ एमईव्हीच्या खुणेवर पडली. आमच्या त्या मांडणीत ४०० कुणी ओलांडले नव्हते. रेघही बारीक होती, म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन जवळपास एका ऊर्जेचे. मी खुर्चीतून उठून दाराबाहेर जाऊन आले, परत येऊन बघितलं. तिथेच होतं.

त्या दिवसाचे एकूण शॉट ६०० च्या आसपास. बाकीचे ३२० ते ३९० मध्ये कुठेही. पोस्टरवर मी २१४वा मोठा छापला आणि बाकीच्यांचा एक छोटा आलेख खालच्या कोपऱ्यात. खोटं काहीच नव्हतं त्यात. आमच्या क्षेत्रातली पोस्टरं बघत आले होते, त्यात सगळ्यांचा एक छान शॉट असतोच. माझाही आता होता.

मे महिन्यात वर्कशॉपमधले एक वयस्कर तंत्रज्ञ पडदा पुसायला मदत करत होते. मी त्यांना कौतुकाने २१४वा दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चुंबकात शिरताना झोत सरळ होता?"

मी म्हटलं, असणारच.

रात्री घरी आले तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. उफणणीत दाणा कुठे पडतो हे वाऱ्यावर ठरतं, हे खरं. पण उफणणाऱ्याचा हात हलला तर? पाटी जरा तिरकी झाली तर चांगला दाणासुद्धा भुसात जाऊन पडतो. आमचा झोत दर शॉटला थोडा वेगळ्या दिशेने निघतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. चुंबक ज्या बाजूला वळवतो, त्याच्या उलट बाजूला झोत आधीच कललेला असेल, तर तो पडद्यावर 'कमी वळलेला' दिसणार. आणि कमी वळलेला म्हणजे जास्त ऊर्जेचा. एकाच पडद्यावर या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

मग मला तो दुसरा कॅमेरा आठवला. लाटेत असताना इलेक्ट्रॉन डावीउजवीकडे डोलतात आणि थोडे क्ष-किरण टाकतात. क्ष-किरणांवर चुंबकाचा काही परिणाम होत नाही, ते झोत ज्या दिशेने निघाला त्या दिशेने सरळ जातात. ते बघायला दोन मीटरवर एक पडदा आणि कॅमेरा लावलेला होता, वेगळ्याच एका कामासाठी. त्याचे फोटो रोज आपोआप साठत होते. ते उघडून बघायचं मला कधी सुचलं नव्हतं.

२१४व्या शॉटचा क्ष-किरणांचा डाग मधोमध नव्हता. १२ मिलिमीटर बाजूला होता. दोन मीटरवर १२ मिलिमीटर म्हणजे कोन जेमतेम एक तृतीयांश अंशाचा. हिशेब कागदावर केला, मग परत केला, मग कॉम्प्युटरवर केला. ४१२ नव्हते. ३८० च्या आसपास होते. कल जर उलट बाजूला असता तर तोच झोत ३५२ दिसला असता आणि मी त्याच्याकडे बघितलंही नसतं.

इथे एक गोष्ट कबूल करते. पहिले दोन दिवस मी कुणालाच सांगितलं नाही. कॉन्फरन्स पाच आठवड्यांवर होती. करार वर्षाअखेर संपणार होता आणि पुढच्या वर्षाच्या अर्जात '४०० पार' हे वाक्य होतं. दुसऱ्या कॅमेऱ्याचे फोटो माझ्याशिवाय कुणी उघडणार नव्हतं. मी काही खोटं करत नव्हते, फक्त एक फोल्डर बंद ठेवत होते. असं स्वतःला समजावताना माणूस किती हुशार होतो, ते बघण्यासारखं असतं.

तिसऱ्या दिवशी आईला फोन केला. सगळं सांगितलं नाही, एवढंच विचारलं, "अगं, तुमच्याकडे रिपोर्ट चुकला तर काय करता?"

"कसा चुकला त्यावर आहे," ती म्हणाली. मग तिने पोटॅशियमचं सांगितलं. रक्त काढताना सुई नीट बसली नाही, सिरिंज जोरात ओढली, नळी फार हलवली, तर तांबड्या पेशी नळीतच फुटतात. पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, ते बाहेर येतं. यंत्र बरोबर मोजतं, पण आकडा पेशंटचा नसतो. "डॉक्टर तो आकडा बघून घाबरतात. पेशंटला काहीच झालेलं नसतं गं, केलेलं आपल्या सुईने असतं."

"मग?"

"मग काय? नमुना फुटलाय म्हणून कळवायचं आणि परत रक्त घ्यायचं. पेशंट ओरडतो. ओरडू दे."

"आणि रिपोर्ट आधीच गेला असेल तर?"

ती जरा थांबली. "तर आणखी लवकर कळवायचं. तुझं काय फुटलंय?"

दुसऱ्या दिवशी मी गाइडच्या खोलीत गेले. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, माझ्या तोंडात मात्र टेन्शन आलं की आपोआप 'सर' येतं. त्या दिवशी आलं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी काही न बोलता चष्मा काढला, परत घातला. रागावले नाहीत. म्हणाले, "मग हे सगळ्या शॉटना लावून बघ." मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "गोषवारा आजच दुरुस्त करू."

सगळ्या शॉटना लावायला तीन आठवडे गेले. क्ष-किरणांच्या डागावरून कोन, कोनावरून दुरुस्ती, मग नवी ऊर्जा. असं ६०० वेळा. शेवटी आलेख उघडला तेव्हा ४०० च्या वर एकही ठिपका नव्हता. पण ठिपके आधीपेक्षा जवळ जवळ आले होते. ऊर्जेतला चढउतार आधी ६ टक्क्यांच्या आसपास दिसत होता, तो आता ४ वर आला. म्हणजे आमचं यंत्र मी समजत होते त्यापेक्षा जास्त शिस्तीचं होतं. आम्ही ज्याला ऊर्जेचा लहरीपणा म्हणत होतो, त्यातला बराचसा दिशेचा लहरीपणा होता. आणि दिशेवर इलाज असतो. पंपाची थरथर आरशांपर्यंत पोचू नये याची व्यवस्था करता येते. लेझर कुठे पडतो ते दर शॉटला बघून आरसा सावरता येतो. पुढचे सहा महिने मी तेच केलं. चुंबकानंतर दुसरा पडदाही लावला. दोन पडद्यांवरच्या दोन जागांवरून झोताचा कोन आणि ऊर्जा वेगवेगळी काढता येते.

नंतर वाचताना लक्षात आलं की या क्षेत्राचा प्रवासच थोडाफार असा झालाय. २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या एका गटाने दिवसरात्र यंत्र चालवून सलग एक लाख झोत नोंदवले, प्रत्येकासोबत लेझरच्या नोंदी ठेवल्या आणि झोताच्या चढउताराचा माग लेझरपर्यंत काढला. त्यातला कुठलाच झोत विक्रमी नव्हता. २०२१ मध्ये शांघायच्या गटाने प्लाझ्मातून आलेला झोत अनड्युलेटरमधून नेऊन २७ नॅनोमीटरला लेझरसारखा वाढत जाणारा उजेड काढला. त्यांच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ५०० एमईव्हीच्या आतच होती. जगात तेव्हा याच्या कितीतरी पट ऊर्जा गाठून झाली होती. त्यांना उपयोगी पडली ती झोताची गुणवत्ता.

कॉन्फरन्समध्ये माझ्या पोस्टरवर ६०० ठिपके होते, दुरुस्तीआधीचे करडे आणि नंतरचे निळे. मोठा फोटो नव्हता. गर्दी शेजारच्या पोस्टरपाशी होती, तिथे एक फारच देखणा शॉट होता. माझ्याकडे संध्याकाळभरात मोजून सात जण आले. त्यातली एक मुलगी, माझ्याच वयाची, अर्धा तास थांबली. जाताना हळूच म्हणाली, "आमच्याकडेपण क्ष-किरणांचा एक कॅमेरा आहे. त्याचे फोटो कुणी बघत नाही."

फॅमिली ग्रुपवरचा तो मेसेज मी पुसला नाही. मामाला काय समजावणार? आई मात्र आता फोनवर जेवणाच्या आधी वेगळंच विचारते.

"आज नमुना फुटला का?"

काल म्हटलं, "फुटला. पण लगेच कळलं."

"मग जेव आता," ती म्हणाली.