म्हातारीला विचारलं कुणी?

‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो.’ ही म्हण हल्ली डोक्यातून जात नाही. म्हणीत म्हातारी आहे, काळ आहे, आपल्याला दुःख नाही असं सांगणारी मंडळी आहेत. म्हातारीचं म्हणणं तेवढं नाही. २०२० साली करोनाच्या बातम्यांत रोज ऐकू यायचं, ‘दगावलेले बहुतेक वयस्कर होते.’ ऐकणाऱ्याला हायसं वाटायचं. पण ती बातमी सत्तरी ओलांडलेली माणसंही ऐकत होती.

मार्च २०२० मध्ये पुण्यात पहिले रुग्ण सापडले, तेव्हा मावशी म्हणाली, “आम्ही पिकली पानं. तुम्ही जपा.” पुढे तीच मावशी दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन, चिमटे लावून दोरीवर वाळत घालू लागली. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस मिळू लागली. पहिला डोस घेऊन आली तेव्हा चेहरा उजळला होता. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने इमारतीतली ओळखीची माणसं नेली आणि ती करोनाबद्दल बोलेनाशीच झाली. आता विषय निघाला की म्हणते, “सगळी घरात होती गं तेव्हा. बरे होते ते दिवस.”

बरे?

तिची आजी प्लेगच्या गोष्टी अशाच सांगायची. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढे कित्येक वर्षं गावोगाव फिरत राहिला. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचं, रानात झोपड्या घालायच्या. आजीच्या गोष्टीत शाळेला सुट्टी होती, तीन दगडांच्या चुलीवरची भाकरी होती, उघड्यावर झोपणं होतं. पुण्यात घरांची झडती घेणारे गोरे सोजीर, २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्या, त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेलेल्या सावित्रीबाई फुले, हे सगळं आम्ही पुस्तकात वाचलं. आजीची धाकटी बहीण त्या रानातल्या झोपडीतच गेली, हे तिने मावशीला फार उशिरा सांगितलं, तेही एकदाच.

म्हणजे म्हाताऱ्या माणसांना साथीतलं वाईट विसरायला होतं, की ते पोरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून ती गिळून टाकतात? ‘पिकली पानं’ हा मावशीचा धीर होता, की आम्हाला ऐकायला सोपं जाईल असं काहीतरी? तसं असेल, तर ‘बरे होते ते दिवस’ हेही आमच्यासाठीच असेल. की साथीआधी आणि साथीनंतर रिकामं असलेलं घर त्या वर्षी खरोखर भरलं होतं, आणि ती सरळ खरं तेच सांगते आहे? आधी वाटायचं, भीती ओसरली म्हणून मत बदललं. आता तेही ठामपणे म्हणवत नाही. तिला नेमकी कशाची भीती वाटत होती, हेच आम्ही तेव्हा विचारलं नव्हतं.

तुमच्या घरात असं कुणी वडीलधारं असेल, तर करोनाबद्दल त्यांना विचारा. वर्षभराने पुन्हा विचारा. उत्तर बदललं, तर आधीचं खोटं होतं असं समजू नका.