उथळ तळ्याचा हंगाम

सिअ‍ॅटल शहराच्या उत्तर भागात ग्रीन लेक नावाचे एक तळे आहे. लेकीच्या घरापासून ते पायी दहा मिनिटांवर. चाकाच्या खुर्चीने वीस मिनिटांवर. हा दुसरा हिशोब आम्हांला गेल्या वसंतात शिकावा लागला. यजमानांना पक्षाघात होऊन सहा महिने झाले होते. उजवा हात अधू, पाय अडखळणारा आणि बोलणे एक-दोन शब्दांपुरते. मालवणजवळच्या खाडीवर गरी टाकण्यात ज्यांचे बालपण गेले, ते आता दिवसचे दिवस खिडकीशी बसून असत. बाहेर नेऊ म्हटले की मान हलवून नकार देत.

एप्रिलमधल्या एका सकाळी बारा वर्षांचा नातू गळाची काठी घेऊन निघाला. "आजोबा, तळ्यात ट्राउट सोडलेत. चला ना!" आश्चर्य म्हणजे, हे उठून उभे राहिले.

तळे सुमारे २६० एकरांचे. भोवती साडेचार किलोमीटरची सपाट पाऊलवाट. शेजारचे लेक वॉशिंग्टन दोनशे फुटांहून खोल, तर या तळ्याची सरासरी खोली जेमतेम बारा फूट. या उथळपणातच इथल्या मासेमारीचे इंगित आहे. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. रेनबो ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. तापमान २० अंशांच्या पुढे गेले की त्याचा जीव कासावीस होऊ लागतो. कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. खोल सरोवरात तो तळाच्या गार थरात आसरा घेतो. उथळ तळ्यात वारा सारेच पाणी ढवळून काढतो आणि गारव्याला दडायला जागा उरत नाही. म्हणून राज्याचा मत्स्य व वन्यजीव विभाग आपल्या केंद्रांत वाढवलेले मासे वसंतात येथे सोडतो. गळ टाकायला वर्षभर मुभा असली, तरी ट्राउटचा खरा हंगाम पाणी गार असेपर्यंतच.

नातू पंधरा वर्षांखालचा, त्याला परवाना लागत नाही. यांच्यासाठी जावयांनी अल्पमुदतीचा परवाना काढला. त्या कागदावर स्वतःचे नाव पाहून हे कितीतरी वेळ तो हातात धरून बसले होते.

तयारी मात्र मी शुश्रूषेच्या शिस्तीने केली. धक्क्यावर काठापासून दोन हात मागे खुर्ची लावायची, चाकांना अडसर घालायचा, दुखऱ्या बाजूला आपण बसायचे. तरंगजाकीट, कानटोपी, पायांवर शाल. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असल्याने गळ लावणे-काढणे नातवाकडे, आणि माझ्या पिशवीत स्वच्छ कापडाची घडी. स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी पाहून ठेवायचे. एक तास झाला की घरी.

पहिल्या दिवशी काहीच लागले नाही. दुसऱ्या खेपेस पाण्यावरचा लाल-पांढरा गोळा एकदम बुडाला. यांच्या डाव्या हातातील काठी वाकली, खुर्चीत अंग पुढे झुकले, आणि माझ्या काळजात धस्स झाले. मी झटकन काठी हिसकावून घेतली. दोरा सैल पडला. मासा गेला.

"माझं मला करू दे!"

सहा महिन्यांत ऐकलेले त्यांचे ते पहिले पूर्ण वाक्य. शब्द जड होते, पण स्पष्ट. नातू खाली पाहत हलकेच म्हणाला, "आजी, तू फक्त खुर्ची धर ना." त्या क्षणी मला सारे आठवले. घास मी भरवत होते, गुंड्या मी लावत होते, डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरेही मीच देत होते. पडू नयेत म्हणून जपता जपता यांच्या हातचे सारेच मी काढून घेतले होते.

त्यानंतर मी खुर्ची धरू लागले. मे महिन्यात एका ढगाळ सकाळी यांनी काठी डाव्या हाताने पेलली, उजव्या हाताची मूठ तिच्यावर नुसती टेकवली आणि नातवाने चरखी फिरवली. हातभर नव्हे, वीतभरच मासा. पण अंगावर गुलाबी पट्टा झळकत होता. घरी तो वाफवला. ट्राउटचे काटे बारीक असतात आणि पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होऊ शकतो. यांच्या गिळण्याची तपासणी आधीच झाली होती, तरी प्रत्येक घास बोटांनी चाचपून ताटात ठेवला. घास तोंडात मात्र यांनी स्वतः घातला.

जुलैत पाणी हिरवट दिसू लागले. १९११ साली उद्यानासाठी या तळ्याची पातळी सात फूट उतरवली गेली आणि ओढ्यावाटे होणारा नैसर्गिक निचरा थांबला. पोषकद्रव्ये साचून उन्हाळ्यात शेवाळ माजते. ते रोखण्यासाठी १९९१, २००४ आणि २०१६ साली पाण्यात तुरटीची प्रक्रिया करावी लागली. विषारी शेवाळाच्या इशाऱ्याची पाटी दिसली, तर पाण्यात हात घालू नये आणि फलकावरील सूचना पाळाव्यात. आम्ही काठी गुंडाळून ठेवली.

मला वाटले, हे पुन्हा खिडकीशी बसतील. पण हंगाम संपणे आणि दिवस संपणे यांतला भेद कोकणातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. आपल्याकडेही पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक नौका किनाऱ्यावर विसावतात. समुद्राला श्रीफळ अर्पण केल्यावर पुन्हा पाण्यात लोटतात.

परतीच्या विमानाची तारीख ऑगस्टमधली होती. सामान भरताना यांनी डाव्या हाताने काठीकडे बोट केले.

"ही?" मी विचारले.

"घे," हे सावकाश म्हणाले. "नारळी पौर्णिमेनंतर... खाडीवर."