सावाकाठची पेढी

सर्बियाची राजधानी बेलग्रेड येथे सावा नदीच्या काठी सावामाला ही जुनी व्यापारी पेठ आहे. जलमार्गाने आलेला माल येथे उतरत असे. १८८४ मध्ये जवळच रेल्वे स्थानक झाले आणि पेठेची भरभराट झाली. याच पेठेतील काराजॉर्जेवा रस्त्यावर 'बेलग्रेड झाद्रुगा' या संस्थेची भव्य वास्तू उभी आहे. झाद्रुगा म्हणजे सहकारी मंडळी. लहान व्यापारी व कारागीर यांना परस्परांच्या बचतीतून भांडवल मिळावे, या हेतूने ती १८८२ मध्ये स्थापन झाली होती.

१९०५ ते १९०७ या काळात आंद्रा स्टेवानोविच आणि निकोला नेस्टोरोविच या वास्तुविशारदांनी ही इमारत उभारली. मध्यभागी घुमट व त्याच्या दोन्ही बाजूंस पसरलेल्या शाखा, अशी तिची रचना आहे. दर्शनी भागावर शिल्पे आहेत. आत प्रशस्त जिना, रंगीत काचा आणि देवघेवीचे उंच दालन आहे. बेलग्रेडमध्ये काँक्रीटचा वापर झालेल्या सुरुवातीच्या इमारतींत तिची गणना होते. एवढा थाट कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. परंतु ठेवीदार आपली पुंजी ज्या दारात ठेवतो, ते दार भक्कम दिसावे लागते. पेढीची पत येथे दगडात उतरली आहे.

या संस्थेचे अध्यक्षपद दीर्घकाळ लुका चेलोविच यांच्याकडे होते. हर्झेगोविनातील ट्रेबिन्ये परिसरात १८५४ मध्ये जन्मलेले चेलोविच तरुणपणी रिकाम्या हातांनी बेलग्रेडला आले आणि व्यापारातून संपन्न झाले. ते अविवाहित होते. आपली सर्व मालमत्ता त्यांनी बेलग्रेड विद्यापीठाला दान केली. पेठेजवळच्या दलदलीच्या जागी उद्यान फुलवण्यासाठीही त्यांनी पदरचा पैसा खर्च केला. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर इमारतीत भूगर्भशास्त्र संस्था आली. म्हणून लोक तिला 'जिओझावोद' म्हणू लागले. पुढे ती ओस पडली. काचा फुटल्या, भिंतींचा रंग उडाला. सर्वोच्च श्रेणीतील संरक्षित वास्तू हा दर्जाही तिची पडझड थांबवू शकला नाही. २०१४ मध्ये तिचे नूतनीकरण झाले, तेही नदीकाठी उभ्या राहणाऱ्या मोठ्या गृहप्रकल्पाच्या निमित्ताने. ज्या दालनात किरकोळ ठेवी जमा होत, तेथे भावी मनोऱ्यांची प्रतिकृती मांडण्यात आली.

वास्तू वाचली, हे समाधान खरेच. परंतु जीर्णोद्धार भिंतींचा झाला. ज्या लहान माणसांच्या बचतीवर त्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी आता तेथे खिडकी उरलेली नाही. चेलोविच यांच्या नावाचे उद्यान मात्र थोड्याच अंतरावर आहे आणि तेथील सावलीत कोणालाही बसता येते.