घोट्यामागची खाच

गेल्या आठवड्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, "अगं, पाय मुरगळला तर ऑपरेशन कशाला?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते.

आधी थोडं शरीरशास्त्र. कंटाळू नका, स्वतःच्या पायाला हात लावून वाचा. घोट्याचा बाहेरचा उंचवटा म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं, फिब्युलाचं, खालचं टोक. त्याच्या मागे बोट ठेवून पाऊल बाहेर वळवा. बोटाखाली दोरीसारखं काही ताठ होईल. ते पेरोनियल टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारे दोन दोर. खडबडीत वाटेवर पाऊल आत कलंडू न देणं हे त्यांचं काम. त्यांच्यासाठी हाडामागे एक उथळ खाच असते आणि वरून धरून ठेवायला पातळ पट्टा. रहाटाच्या चाकावर दोर खोबणीत बसतो, तसंच.

पट्टा फाटला किंवा हाडापासून सुटला की दोर खाचेतून निसटून हाडावर चढतात. 'टक्'! पाऊल सैल सोडलं की परत जागेवर. काहींची खाच जन्मतःच उथळ असते. १९२८ साली एडवर्ड्स यांनी १७८ फिब्युला तपासल्या, त्यात ११ टक्के खाचा सपाट आणि ७ टक्के चक्क फुगीर निघाल्या.

माझा पट्टा सिंहगड उतरताना गेला. आंबेहळद-रक्तचंदनाच्या लेपाने सूज गेली, पण पुढे वर्षभर जिना उतरताना, रिक्षातून उतरताना 'टक्' चालूच. एक्स-रे नॉर्मल. एमआरआयमध्येही दोर जागच्या जागी. "जुनी लचक आहे, फार लक्ष देऊ नका," असं एका ठिकाणी सांगितलं. रिपोर्ट नॉर्मल आला की बाईचं दुखणं मनाचं ठरायला वेळ लागत नाही. घरात कुणी बोललं नाही, पण माझ्या लंगडण्याकडे बघणं बदललं.

खरं तर यात नवल नाही. एक्स-रे हाडं दाखवतो. पट्ट्याबरोबर हाडाची कपची निघाली असेल तरच तिथे खूण मिळते, आणि ती सगळ्यांची निघत नाही. एमआरआयमध्ये टेंडन छान दिसतात, पण पाऊल स्थिर ठेवून. माझं दुखणं तर हलण्यातच होतं!

दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. घोट्यामागे प्रोब धरला आणि म्हणाले, "पाऊल वर उचलून बाहेर ढकला, मी अडवतो." पडद्यावर दोर सरकन हाडावर चढला. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. "अगंबाई, हे तर खरंच सरकतंय!" त्या 'खरंच'ने बरं वाटलं, आणि रागही आला.

गंमत म्हणजे १८०३ मध्ये, एक्स-रेचा शोध लागायच्या ९२ वर्षं आधी, मोन्तेज्जा नावाच्या इटालियन सर्जननी हे दुखणं एका बॅले कलाकाराच्या पायात ओळखलं होतं. यंत्र नव्हतं, फक्त डोळे आणि हात.

इतकं जुनं झालेलं दुखणं प्लॅस्टरने बरं होण्याची आशा कमी, आणि हाडाच्या कडेवर घासून टेंडन उभे चिरू शकतात. म्हणून खाच खोल करून पट्टा पुन्हा शिवायचा, असं ठरलंय.

तुमच्यापैकी कुणाचा 'मुरगळलेला' पाय महिनोन् महिने टकटक करत असेल, तर डॉक्टरांना पाऊल हलवून तपासायला सांगा. आणि मला फोन जरूर करा, फक्त "मुरगळला" म्हणू नका!