नाव उतरलं, चेहरा राहिला

आमच्या कुळाची वंशावळ बरीच वर्षं संगणकात आहे. परवा नातवाने नवा संगणक आणला आणि सगळी माहिती 'जेडकॉम' फाइलमधून त्यावर नेली. सात पिढ्यांची नावं बिनचूक उतरली. फोटोंच्या जागी मात्र रिकाम्या चौकटी!

कारण साधं आहे. १९८४ साली आलेली ही पद्धत नावं, तारखा, नाती साध्या मजकुरात लिहिते. फोटोचा ती नुसता पत्ता ठेवते : अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर. घर बदललं की जुना पत्ता कुचकामी. २०२१ च्या ७.० आवृत्तीत माहिती आणि फोटो एकाच गाठोड्यात बांधायची सोय झाली, पण ते गाठोडं दोन्हीकडच्या प्रोग्रामना कळायला हवं.

नातवाने फोटोंचं फोल्डर वेगळं आणलं. नवे पत्ते देण्याआधी मी एकेका फाइलला नाव देत बसले : 'थोरली आत्या, माहेरपणाला, १९५१'. नऊवारीतल्या त्या मुलीला ओळखणारी आता घरात मी एकटीच उरले आहे. माझ्यामागे फोटो राहील, पण ती कोण हे संगणक कुठून सांगणार?

तुमच्याकडेही असे फोटो असतील. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवा.